शनिवारची अधिसूचना

ऑगस्टच्या मध्याला कांद्याच्या चाळीशेजारून, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठाराशेजारून, नुसतं गेलं तरी आत काय चाललंय ते वासावरून कळतं. सुक्या सालपटाचा कोरडा वास असेल तर माल धरून आहे. आंबूस वास आला, की तळाशी कुठेतरी एखाद्या कांद्याला पाणी सुटलंय आणि त्याने शेजारचे चार-सहा धरलेत. आठवडाभर ढगाळ, दमट हवा राहिली की सालीखाली काळी भुकटी दिसायला लागते, ती काजळी. चाळ आता फोडायची की अजून पंधरा दिवस दम धरायचा, हा हिशोब तेव्हा नाशिक-अहिल्यानगरच्या पट्ट्यात घरोघरी चाललेला असतो.

१९ ऑगस्ट २०२३ ला, हा हिशोब ऐन रंगात असताना, केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. तत्काळ लागू, ३१ डिसेंबरपर्यंत. तो शनिवार होता.

पुढच्या दीड-दोन वर्षांतल्या तारखा दिनदर्शिकेवर ठेवून बघाव्यात. २८ ऑक्टोबर २०२३ ला किमान निर्यात मूल्य, म्हणजे ज्याच्या खाली निर्यात करता येत नाही तो दर, टनाला ८०० डॉलर झालं, शनिवार. ७ डिसेंबरला निर्यातच बंद केली, तो मात्र गुरुवार. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागलं, पुन्हा शनिवार. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं, शुक्रवार. २२ मार्च २०२५ ला उरलेलं २० टक्केही १ एप्रिलपासून काढत असल्याचं जाहीर झालं. शनिवार. यात कुणाचा डाव असेल असं नाही, सरकारी कामाची आठवड्याची लय तशी असेल. पण सहापैकी चार निर्णय अशा दिवशी आले, की बाजारात त्याचा अर्थ लावायला हातात फक्त रविवार उरतो आणि सोमवारी सकाळी ट्रॅक्टर रांगेत उभा असतो.

भाजीपाला-फळांच्या व्यापार धोरणावर बोलताना शुल्क किती टक्के, बंदी योग्य की अयोग्य, यावर हिरिरीने वाद होतात. निर्णय कुठल्या दिवशी आला, किती मुदतीने आला आणि त्या दिवशी माल नेमका कुठे होता, हे सहसा कुणी विचारत नाही. पोलादाचा व्यापारी चुकीच्या दिवशी सापडला तर माल गोदामात ठेवतो. कांद्याला ती सोय एका मर्यादेपर्यंतच आहे, आणि तीही सगळ्या कांद्यांना नाही.

कांदा म्हणजे एकच जिन्नस, अशी शहरात समजूत असते. बाजार समितीत तसं नसतं. खरिपाचा लाल, ज्याला पोळ म्हणतात, तो जुलै-ऑगस्टमध्ये लावतात आणि ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत काढतात. मग रांगडा, म्हणजे लेट खरीप, जानेवारी ते मार्च. आणि उन्हाळ: डिसेंबर-जानेवारीत लागण, मार्च ते मे काढणी. देशाच्या उत्पादनाचा सगळ्यात मोठा वाटा या उन्हाळ कांद्याचा, आणि टिकणाराही तोच. लाल कांद्यात पाणी जास्त, साल पातळ. शेतातून काढला की दोन-तीन आठवड्यांत विकावा लागतो. त्यामुळे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत सबंध देश उन्हाळ कांद्याच्या चाळींवर जेवत असतो. लाल कांदा पावसाने लांबला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पोकळी पडते, शहरात भाव चढतात आणि दिल्लीत फायली हलतात. तेव्हा निर्णयाचा पहिला फटका चाळीला बसणार, हे ऋतुचक्रातच लिहिलेलं आहे.

ही चाळ फुकट टिकत नाही. कांदा चाळीत टिकवायचा तर तयारी काढणीच्या दोन महिने आधीच सुरू होते. लागणीनंतर साठ दिवसांच्या पुढे युरिया टाकला की मान जाड राहते, आणि जाड मानेचा कांदा पहिला सडतो. निम्म्या पिकाच्या माना पडल्या की काढणी. त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडायचं. काढलेला कांदा वाफ्यातच तीन-चार दिवस असा पसरायचा, की एका ओळीच्या पातीने मागच्या ओळीचे कांदे झाकले जातील. ऊन पातीला लागावं, कांद्याला नाही. मग मानेला एक इंच पीळ ठेवून पात कापायची. मान अगदी बुडाशी कापली तर त्या जखमेतून रोग शिरतो. पुढे दहा-बारा दिवस सावलीत सुकवण. डेंगळे (फुलाचे दांडे) आलेले, जोड, चिरलेले, चिंगळी (अगदी बारीक कांदे) असं सगळं वेगळं काढून उरलेला गोळीबंद मालच चाळीत जातो.

चाळीचंही शास्त्र आहे. एक पाखी, म्हणजे साठवणीची एकच ओळ, असेल तर दक्षिणोत्तर, दोन पाखी असेल तर पूर्व-पश्चिम. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, म्हणजे खालून हवा खेळेल. पाखीची रुंदी चार फुटांच्या आसपास, थर चार ते पाच फूट, त्यापेक्षा जास्त भरला की खालचा कांदा वरच्याच्या वजनाने दबतो. कांद्याला दोनच हवामानं मानवतात: शून्य ते दोन अंशांचं शीतगृह, नाहीतर पंचवीस-तीस अंशांची कोरडी, वाहती हवा. मधल्या गारव्यात त्याला वाटतं थंडी आली, आता उगवावं, आणि कोंब येतो. शीतगृहातून बाहेर काढला तरी थोड्याच दिवसांत तेच. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र २००२ पासून आहे. ६० ते ९० ग्रे इतक्या अगदी कमी मात्रेने कोंब थांबतो. पण वजनातली घट आणि सड विकिरणाने थांबत नाही, आणि साठवणीतलं सगळ्यात मोठं नुकसान तर वजनाचंच असतं.

ती घट पैशांत मांडून बघू. समजा एप्रिलमध्ये भाव क्विंटलला १,२०० रुपये आहे आणि शेतकऱ्याने १०० क्विंटल न विकता चाळीत टाकला. सप्टेंबरला वजनघट, सड, कोंब वजा जाता ७० क्विंटल विकण्याजोगा निघाला, तर चाळ बऱ्यापैकी राखली असं म्हणायचं. एप्रिलचे १ लाख २० हजार नुसते परत मिळवायलाच त्याला क्विंटलला १,७१४ रुपये हवेत. त्यात चाळ भरण्या-फोडण्याची मजुरी, निवड आणि सोसायटीच्या कर्जाचं व्याज धरलं तर आकडा १,९०० च्या पुढे जातो. सप्टेंबरला २,००० भाव दिसला की टीव्हीवर 'कांदा भडकला' अशी पट्टी फिरते. त्या २,००० मध्ये चाळवाल्याला पाच महिन्यांच्या जोखमीचे क्विंटलमागे शंभर रुपयेही सुटत नाहीत.

आता ४० टक्के शुल्क या २,००० पर्यंत कसं पोचतं ते बघू. बाजार समितीत २० रुपये किलोने घेतलेला कांदा खळ्यावर, म्हणजे व्यापाऱ्याच्या आवारात, निवडून, जाळीच्या गोणीत भरून, न्हावाशेवाला नेऊन जहाजावर चढेपर्यंत निर्यातदाराला आणखी सहा रुपये लागले असं धरू. म्हणजे बंदरावर २६. दुबईच्या खरेदीदाराला तसाच कांदा पाकिस्तानातून किंवा इजिप्तमधून ३० रुपयांना पडतो आहे, असंही धरू. कालपर्यंत चार रुपयांची सवड होती. शनिवारी संध्याकाळी २६ चे ३६ रुपये ४० पैसे झाले. दुबईवाला ३० च्या वर जाणार नाही. मग निर्यातदार उलटा हिशोब करतो: ३० ला १.४ ने भागा, २१ रुपये ४३ पैसे. त्यातून सहा वजा करा, १५ रुपये ४३ पैसे. सोमवारी लिलावात तो २० ऐवजी १५ ची बोली लावेल, नाहीतर हात वर करून गप्प उभा राहील. कागदोपत्री शुल्क भरतो निर्यातदार, खिसा कापला जातो चाळीचा.

आणि हा भाव फक्त निर्यातीच्या मालापुरता पडत नाही. ट्रॉलीसमोर उभ्या आठ-दहा व्यापाऱ्यांत निर्यातवाला असतो तोवर देशी बाजारवाल्यालाही बोली चढवावी लागते. तो मागे सरला की बाकीच्यांना घाई उरत नाही. लिलाव काही सेकंदांचाच असतो. व्यापारी ट्रॉलीत हात घालतो, दोन-चार कांदे वर काढतो, मान दाबून बघतो, साल चोळतो, आणि आकडा पुकारला जातो. मग काट्यावर वजन, खळ्यावर खाली करणं. तळातून गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, नाहीतर कोंबाचा माल निघाला की 'वांधा' होतो, म्हणजे ठरलेल्या भावातून पुन्हा काही कापलं जातं. पडत्या बाजारात वांधे वाढतात. एरवी जो माल बिनबोभाट खाली झाला असता, त्यातही खोड सापडते.

बंदरावरचा प्रकार आणखी तांत्रिक. सीमाशुल्क कायद्यानुसार निर्यात शुल्काचा दर ठरतो तो माल बाहेर जाऊ देण्याचा आदेश, म्हणजे लेट एक्सपोर्ट ऑर्डर, ज्या दिवशी निघते त्या दिवसावर. करार कधी झाला, आगाऊ पैसे कधी आले, कंटेनर खळ्यावरून कधी निघाला, याला तिथे किंमत नाही. चाळीस फुटी रेफर, म्हणजे शीत, कंटेनरमध्ये २८-२९ टन कांदा बसतो. असा कंटेनर गेटबाहेर एक रात्र उशिरा पोचला म्हणून त्यावर चाळीस टक्के पडू शकतात, आणि ती रक्कम त्या सौद्यातल्या संपूर्ण नफ्याच्या कितीतरी पट असते. मग निर्यातदार करार मोडतो, तोटा खातो, किंवा कमी किमतीचं बीजक करायच्या वाटा शोधतो. तिसऱ्या वाटेने जाणारे वाढले की नीट व्यापार करणारा महाग ठरतो. सरकारला मग बीजकावरचा भरवसा उरत नाही आणि किमान निर्यात मूल्य आणावं लागतं.

ते मे २०२४ मध्ये ५५० डॉलर होतं. त्यावर ४० टक्के, म्हणजे ७७०. तेव्हाच्या सुमारे ८३ रुपयांच्या डॉलरने किलोला ६४ रुपये. निर्यात 'खुली' झाल्याच्या बातम्या आल्या त्या दिवशी दाराचा उंबरठा इतका उंच होता. बीजकांचा बंदोबस्त सोडला, तर दोन बाजूंनी एकच गोष्ट साधायची ही दोन हत्यारं एकदम का लागतात, हे आजवर कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

डिसेंबर २०२३ च्या बंदीची गोष्ट वेगळी. शुल्काचा मार बसला उन्हाळ कांद्याला, बंदीचा बसला लाल कांद्याला. चाळवाल्याकडे निदान पंधरा दिवस थांबण्याचा पर्याय असतो. डिसेंबरचा लाल कांदा मात्र शेतात उपटून पडलेला असतो, त्याला नेऊन विकण्यावाचून गत्यंतर नाही. लासलगावचा भाव महिनाभराच्या आत निम्म्याखाली गेला. बंदी ३१ मार्चपर्यंत म्हणून सांगितली होती. त्या भरवशावर काहींनी उन्हाळ कांद्याचे बेत आखले, आणि मार्चच्या चौथ्या आठवड्यात मुदत बेमुदत झाली.

अधूनमधून झरोके उघडले. सहा देशांसाठी मिळून ९९,१५० टन निर्यातीला परवानगी, नॅशनल कोऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स लिमिटेडमार्फत, खरेदी सगळ्यात कमी बोलीच्या दराने. म्हणजे त्या देशांत भाव चढे असतानाही इथल्या खरेदीची पद्धत तळाचा दर शोधणारी. एप्रिलच्या शेवटी गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली आणि ऐन लोकसभेच्या प्रचारात नाशिकमध्ये भडका उडाला. दोन हजार टन म्हणजे सत्तरेक कंटेनर, व्यापाराच्या मानाने किरकोळ. पण पाच महिने कुलूप बघणाऱ्याला शेजाऱ्याच्या दाराची किल्ली किती छोटी आहे हे दिसत नाही. दिंडोरीत त्या निवडणुकीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्या.

सरकारच्या बाजूलाही पेच आहे. कांदा भडकून सरकारं अडचणीत आल्याचा इतिहास आहे, आणि महिन्याला बारा-पंधरा हजारांत घर चालवणाऱ्या बाईला पन्नास रुपयांचा कांदा खरोखर जड जातो. पण ग्राहक किंमत निर्देशांकात, २०१२ च्या पायावर, कांद्याचा भार एक टक्क्याहूनही कमी होता. त्याचा राजकीय भारच मोठा. तो पेलायला भावस्थिरीकरण निधी आणि साठा ही हत्यारं आहेतच. २२ ऑगस्ट २०२३ ला, म्हणजे शुल्क लावल्यावर तिसऱ्याच दिवशी, केंद्राने २,४१० रुपये क्विंटलने दोन लाख टन खरेदी जाहीर केली. तोवर नाशिकच्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले होते. खरेदीचा दर वाईट नव्हता. मात्र सरकारी खरेदीला मोठा, एकसारखा, बिनकोंबाचा, बिनकाजळीचा माल लागतो, आणि ऑगस्टच्या चाळीतून निघणारा सगळा माल तसा नसतो. गोल्टा-गोल्टी आणि सालपट गेलेला कांदा खुल्या बाजारातच जातो, पडलेल्या भावाला. हीच खरेदी मे-जूनमध्ये, माल ताजा आणि भाव खाली असताना मोठ्या प्रमाणावर झाली, तर साठा स्वस्तात भरतो आणि ऑगस्टला दिल्लीकडे शुल्काखेरीज दुसरं बटण असतं.

भाव कोसळतो तेव्हाची तत्परता वेगळीच असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून, गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्या हाती २ रुपये ४९ पैसे आले. त्याला दोन रुपयांचा चेक मिळाला, तोही पुढच्या तारखेचा. तो चेक देशभर गाजला. मग राज्याने क्विंटलला ३५० रुपये, २०० क्विंटलच्या मर्यादेत, अनुदान जाहीर केलं. आणि तिथे सातबाऱ्यावर कांद्याची नोंद पाहिजे ही अट आडवी आली. शेतात कांदा, बाजारात विकल्याची पट्टी हातात, पण ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून करायच्या पीकनोंदणीत, नोंद नाही. या नोंदींकडे कारकुनी बाब म्हणून बघितलं जातं, पण याच आकड्यांवर दिल्लीत टंचाई आहे की नाही ते ठरतं. लागण किती, गारपिटीत गेली किती, चाळीत उरला किती, यापैकी तिसरा आकडा कुणीच मोजत नाही. मग शहरातला किरकोळ भाव हाच एकमेव मापक उरतो, आणि तो नेहमी उशिरा बोलतो.

समुद्रापलीकडचा खरेदीदार या सगळ्याकडे कसा बघतो? ऑक्टोबर २०१९ मध्ये, त्या सप्टेंबरच्या निर्यातबंदीनंतर, बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. स्वयंपाक्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितलंय, असं त्या व्यासपीठावर हसत हसत म्हणाल्या. त्याच्या जोडीला जे म्हणाल्या ते कमी लक्षात राहिलं: आधी कळवलं असतं तर दुसरीकडून सोय केली असती. वर्षाच्या आत, सप्टेंबर २०२० मध्ये, पुन्हा बंदी. त्यानंतर बांगलादेशाने पाबना, फरीदपूर भागात लागण वाढवली. स्वतःचा कांदा बाजारात आला की आयात परवाने रोखायचे, टंचाई दिसली की सोडायचे, असं धोरण बसवलं. म्हणजे त्यांनीही आपलंच बटण उचललं, फक्त दाराच्या पलीकडच्या बाजूने. २०२३ च्या अखेरीस इजिप्तनेही निर्यात रोखली होती, आखातात कांदा तेजीत होता, आणि नेमका तेव्हाच नाशिकचा लाल कांदा मातीमोल चालला होता.

आधी कळवणं ही काही नुसती शेजारधर्माची गोष्ट नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या शेती करारातलं बारावं कलम अन्नपदार्थांवर निर्यातबंदी घालणाऱ्या देशाने शक्य तितक्या आधी कळवावं असं सांगतं. विकसनशील देशांना त्यातून सूट आहे, पण ज्या जिनसाचा तो देश निव्वळ निर्यातदार असेल तिथे नाही. कांद्यात आपण निव्वळ निर्यातदार आहोत. निर्यात शुल्काला मात्र असं कुंपण नाही, हे शुल्काचं हत्यार सारखं हाताशी येण्याचं एक कारण असावं.

द्राक्षवाल्यांना यातली निम्मी कटकट नाही, कारण द्राक्षाने सरकार पडत नाही. त्यांची वेगळी. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि रॉटरडॅमचा पंचवीसेक दिवसांचा प्रवास पस्तीस-चाळीसवर गेला. अर्ध्या किलोच्या पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यात, सल्फरच्या पॅडखाली, शून्य अंशाला ठेवलेल्या द्राक्षाचा देठ हिरवा राहण्याला मर्यादा असते. तो तपकिरी झाला की तिकडचा खरेदीदार पेटी उघडताच भाव पाडतो. पण समुद्रातला हल्ला कुणाच्या हातात नव्हता. कांद्याचा शनिवार हातात आहे.

करायला हवं ते फार अवघड नाही. उन्हाळ कांद्याची रोपं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकली जातात. त्याआधीच जाहीर करावं, की पुढच्या हंगामात अमुक शहरांतला सरासरी भाव अमुक आठवडे अमुक आकड्याच्या वर राहिला तर इतकं शुल्क लागेल, आणि खाली आला की आपोआप जाईल. लागू होण्याआधी तीन आठवडे मुदत. त्या दिवसापर्यंत नोंदवलेल्या करारांना जुना दर. अशा नियमाने घबराटीची निर्यात होईल, तीन आठवड्यांत बंदरावर रांगा लागतील, असा आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. पण कांदा खळ्यावर निवडून, भरून, जहाजात जागा मिळवून जायला वेळ लागतो, आणि कंटेनर काही एका रात्रीत तिप्पट होत नाहीत. रांगेलाही मर्यादा असते. शिवाय शुल्क येणार असं कळल्यावर चाळी लवकर फुटतात, म्हणजे शहरात माल येतो, जो दिल्लीला हवाच होता.

२२ मार्च २०२५ ला शुल्क काढल्याची घोषणा झाली, त्याच्या आदल्या दिवशी लासलगावला बहुतांश माल १,३३० रुपयांनी आणि पिंपळगावला १,३२५ रुपयांनी गेला होता. हे आकडे सरकारच्याच पत्रकात होते. शुल्क नसलेला उन्हाळा सुरू झाला, तरी भाव हजार-दीड हजारांच्या आसपासच घुटमळत राहिला. दार उघडं होतं, पण पलीकडचं गिऱ्हाईक मधल्या दीड वर्षात दुसऱ्या दुकानी जायला लागलं होतं. शेतात तेव्हा उन्हाळ कांद्याच्या माना पडत होत्या. एक इंच पीळ ठेवून पात कापली जात होती, आणि निवडलेला माल नेहमीप्रमाणे चाळीत चढत होता.